खुशाल बांधा

जपानात घरोघरचे बॉयलर दुरुस्त करते, असं सांगितलं की आपली माणसं आधी माझ्या हातांकडे बघतात. बघा बापडे. नखं कापलेली आहेत, उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग आहे, बाकी हात तुमच्या बायकांसारखेच आहेत. आडनाव गोडबोले. आमच्या दुकानाचे मालक मोरिता-सान मला 'गोडो-सान' म्हणतात, पुढचं 'बोले' त्यांना झेपत नाही. मलाही ते जन्मात कधी झेपलं नाही. पुण्यात कसबा पेठेत वाढलेली आहे मी, गोड बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, गमतीजमती लिहा हो, लोकांना फराळासोबत हलकंफुलकं लागतं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की एकच घर डोळ्यांपुढे येतं, आणि त्यात गंमत नाही. तेव्हा एक गंमत सांगून टाकते आणि मग त्या घराकडे वळते. ज्यांना गोड पदार्थ खाता खाता वाचायचंय त्यांनी मधेच उठलं तरी चालेल.

नवऱ्याची आयटीची नोकरी, त्याच्यामागून टोकियोला आले. मेकॅनिकलचा डिप्लोमा होता, पण भाषा येत नव्हती, म्हणून पहिली काही वर्षं डबे भरले आणि कचऱ्याचे प्रकार पाठ केले. मग घराजवळच्या एका लहानशा दुकानात पार्टटाइम दुभाषी म्हणून लागले. हिगाशी-कसाईतल्या इमारतींत आपली कुटुंबं वाढत होती आणि मोरिता-सानना त्यांचे फोन कळत नव्हते. सगळ्यांची तक्रार एकच, गरम पाण्याला प्रेशर नाही. पहिल्या घरात मोरिता-साननी गॅसचा बॉयलर अख्खा उघडला, पुसला, पुन्हा जोडला. दोष सापडेना. मी न्हाणीघरात डोकावले तर बादलीत नळाची धार पडत होती, शिवणाच्या दोऱ्याएवढी. मला लगेच कळलं. इथला गॅसचा बॉयलर पाणी एका ठराविक जोराने वाहू लागल्याशिवाय पेटतच नाही. आणि आपल्या आयांनी आपल्याला शिकवलंय, नळ बारीक सोड. त्या मुलीला म्हटलं, बाई गं, नळ पूर्ण उघड. ती कळवळून म्हणाली, अहो पण वाया जाईल ना. हे मी मोरिता-सानना जपानीत सांगितलं तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून मला कामावर शिकाऊ म्हणून घेतलं. पुढे विजेच्या कामाचा परवानाही काढला, परीक्षा जपानीत देऊन. त्याचा मला अभिमान आहे. उगाच नाही कशाला म्हणू?

आता ज्या घराबद्दल सांगायचंय तिथला बॉयलर गॅसचा नव्हता. जुन्या इमारतींत अजून विजेच्या टाक्या आहेत. आपल्या गीझरचा थोरला भाऊ समजा. पुरुषभर उंचीची स्टीलची टाकी, घरातल्याच एका कपाटात उभी, पावणेचारशे लिटरची. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा पाणी तापवून ठेवते आणि दिवसभर घर ते वापरतं. टाकीवर दोन व्हॉल्व्ह महत्त्वाचे. एक आत येणाऱ्या पाण्याचा जोर कमी करतो, कारण मुख्य लाइनचा जोर टाकीला सोसत नाही. दुसरा सुटकेचा. पाणी तापलं की फुगतं. ते फुगलेलं पाणी हा व्हॉल्व्ह थेंब थेंब बाहेर सोडतो, खालच्या नळीतून मोरीत. तो थेंब पडलाच पाहिजे. तो थेंब म्हणजे गळती नव्हे.

मोरिता-सान सत्तरी ओलांडलेले, बोलणं मोजून. त्यांचा एक नियम. काम झालं की सूचनांचा कागद काढायचा, त्यावरची अकराच्या अकरा कलमं गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायची, मग 'समजावून सांगितले' या चौकटीत खूण करून सही घ्यायची. त्यांनी एकदा एका ठार बहिऱ्या आजोबांना ती अकरा कलमं ओरडून दोनदा वाचून दाखवली होती. मी मागे उभी राहून मनात हसत होते.

डिसेंबरात निखिलचा फोन आला. नांदेडकडचा मुलगा, चाळिशीच्या आतला, इथल्या एका कंपनीत इंजिनियर. बायको मानसी, तीही नोकरीला. मुलगी इरा, साडेपाच वर्षांची. शॉवरला धार नाही, मुलगी थंडीने कुडकुडते, म्हणाला. घर पाचव्या मजल्यावर, भाड्याचं, टाकी वीस वर्षांहून जुनी. आम्ही दोघं दिवसभर नसतो पण बाबा घरी आहेत, तुम्ही या.

दार तात्यांनी उघडलं. निखिलचे वडील. डोक्याला मफलर, अंगात मुलाचं जुनं जॅकेट, बाह्या दुमडलेल्या. बायको गेल्यावर निखिलने त्यांना आणलं होतं. इथे आईवडिलांना आणून ठेवता येत नाही. अगदी वरच्या दर्जाचा व्हिसा असेल तर एक फट आहे, घरात सात वर्षांखालचं मूल असलं तर ते सांभाळायला आणता येतं. म्हणजे तात्यांचं इथलं राहणं इराच्या वयावर होतं. ती सात वर्षांची होईपर्यंत ते इथे राहू शकत होते. तिला बालवाडीतून आणायचे, खाऊ द्यायचे. ती त्यांच्याशी जपानीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं चाललेलं असायचं. गावाकडचं भाड्याचं घर सोडून आले होते, परत जायला घर उरलेलं नव्हतं. मला दहा मिनिटांत त्यांनी हे सगळं सांगून टाकलं. बोलायला माणूस मिळालं होतं ना.

आणि बोलता बोलता कळलं, तात्या आयुष्यभर नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात. कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी, हे त्यांच्या हातातल्या चावीवर. मी पाना काढला तसे ते जवळ येऊन बसले. म्हणाले, "बाई, आधी जाळी बघा. जाळीत कचरा असतोय." बघितली तर खरंच जाळी गंजाच्या खपल्यांनी गच्च भरलेली. जोर कमी करणारा व्हॉल्व्हही गेलेला होता, तो बदलला. शॉवर सोडला, तात्यांनी धारेखाली हात धरला आणि म्हणाले, "आता खुशाल झालं बगा."

इतकी वर्षं इथे काम करते, पण माझ्या कामाबद्दल मराठीत मला कुणी काही विचारलं नव्हतं. नवरा विचारतो, जेवायला काय आहे. तात्यांनी विचारलं, पाणी तापल्यावर किती फुगतं? नळी तांब्याची का? मी सांगत सुटले. त्यांनी आलं घालून चहा केला. मी खाली मांडी घालून बसून तो प्यायले, जे कामावर आम्हाला चालत नाही.

नवा व्हॉल्व्ह लावल्यावर आत जोर वाढला, तसा सुटकेच्या नळीतून थेंबही वाढला. तात्या त्याकडे एकटक बघत होते. म्हणाले, हे असं दिवसरात्र गळणार का? म्हटलं, तापवताना गळतं. ते म्हणाले, बादली ठेवली तर? म्हटलं, ठेवा. मग थोड्या वेळाने म्हणाले, आणि नळीचं तोंड बांधून टाकलं तर? वाया तरी जाणार नाही.

मी निघायच्या घाईत होते. हत्यारं भरत होते, पाठ त्यांच्याकडे. मीच हसत हसत म्हणाले, "बांधा की तात्या, खुशाल बांधा. घर तुमचंच आहे."

आमच्या पेठेत कुणी 'खुशाल' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा समजतं, हे करायचं नाही. खुशाल जा म्हणजे पाऊल बाहेर टाकून तर बघ. त्यांच्याकडे खुशाल म्हणजे खुशाल. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, कारण तासाभरापूर्वी तोच शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला होता. नाही सुचलं. कुठल्याही जपानी गिऱ्हाइकाशी मी असं बोलले नसते. आपलं माणूस मिळालं म्हणून जीभ सैल सुटली. आणि तो अकरा कलमांचा कागद? तो मी वाचला नाही. आता तात्यांसारख्या माणसाला काय वाचून दाखवायचं, ते तर माझ्याच धंद्यातले. चौकटीत खूण केली आणि कागद पुढे केला. त्यांनी मोडी वळणाची मराठी सही केली. चौथं कलम असं आहे: सुटकेच्या नळीचे तोंड कधीही बंद करू नये.

निखिलला फोनवर सांगितलं, टाकीचं आयुष्य संपलंय, बदला. घरमालकाचं म्हणणं आलं, तूर्त चालतंय ना, बघू.

बारा दिवसांनी सकाळी दुकानात फोन आला. मोरिता-सान आणि मी पोचलो तेव्हा घरभर वाफ होती. मानसी टॉवेल पिळत होती, निखिल कुणाशीतरी फोनवर जपानीत माफी मागत होता, इरा खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. तात्या अनवाणी, पाण्यात उभे. टाकीची खालची शिवण उसवली होती आणि पावणेचारशे लिटर पाणी घरातून, जमिनीतून, चौथ्या मजल्यावर उतरलं होतं. कुणी भाजलं नाही, एवढंच काय ते नशीब.

मोरिता-सान टाकीमागे वाकले आणि हाताने मला बोलावलं. सुटकेच्या नळीच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. ओढून गुंडाळलेली, वरून तारेने आवळलेली. काम इतकं सुबक होतं की मोरिता-सान क्षणभर ते नुसतंच बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, समजावून सांगितलं होतंस ना?

मी म्हणाले, "हाय."

जपानीत हाय म्हणजे हो. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहे.

निखिलने ती पट्टी बघितली. त्याचा आवाज फाटला. "बाबा, कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी टेस्टर हातात धरून उभी होते. मी तोंड उघडायचं होतं, एवढंच करायचं होतं. मी टेस्टरच्या वायर गुंडाळायला लागले.

"कुणी नाही," तात्या म्हणाले. "मलाच वाटलं."

संध्याकाळी दुकानात अहवाल लिहायचा होता. आमच्या धंद्यात कारणाच्या रकान्यात दोनच शब्द बहुतेक वेळा येतात. एक, 'केइनेन रेक्का', म्हणजे वयोमानाने झालेली झीज. त्यात कुणाचाच दोष नसतो. दुसरं, 'वापरणाऱ्याची कृती'. टाकी म्हातारी होती, शिवण गंजलेली होती, पहिला शब्द लिहिता आला असता. पण नळीवर रबर होतं, त्याचे फोटो होते. मी दुसरा लिहिला. खोटं काहीच लिहिलं नाही मी, आणि म्हणूनच तो कागद मला आजही टोचतो. तिसरा शब्दही होता, 'समजावण्यात कसूर'. तो लिहिला असता तर मोरिता-सानच्या दुकानाचं नाव गेलं असतं, माझा परवाना पणाला लागला असता. भ्याले मी. दुसरं काय.

चौथ्या मजल्यावर एक जपानी आजी एकट्या राहायच्या. त्यांच्या तातामीच्या चटया भिजल्या होत्या आणि कपाटातल्या कागदाच्या गुंडाळ्याही, नवऱ्याने ब्रशने लिहिलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. निखिल मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला गेला, तात्यांना घेऊन. मला दुभाषी म्हणून बोलावलं नव्हतं, कारण निखिलला जपानी येतं. मोरिता-सानबरोबर दुकानाच्या वतीने मीही गेले. तात्यांनी दारातच कपाळ जमिनीला टेकवलं. आजींनीही टेकवलं. आधी कुणी उठायचं हे दोघांनाही कळेना, आणि कितीतरी वेळ ती दोन म्हातारी डोकी जमिनीवर तशीच. शेवटी आजी उठल्या आणि हसून म्हणाल्या, म्हातारी माणसं घरात असली की असंच व्हायचं, आपली अडचणच असते सगळ्यांना. त्या स्वतःबद्दल बोलत होत्या. तात्यांनी विचारलं, काय म्हणाल्या? निखिल मिठाईचा डबा पुढे सरकवू लागला. मी म्हटलं, काळजी करू नका म्हणाल्या.

आठवड्याने नवी टाकी बसवली. या कामाला अर्धा दिवस जातो. जुन्या टाकीतलं उरलंसुरलं पाणी काढायचं, वीज तोडायची, पायांचे बोल्ट सोडायचे, गोधडीवर आडवी घेऊन लिफ्टपर्यंत न्यायची. नवी उभी करायची, नळ्या जोडायच्या, पाणी भरायचं, आणि गरम नळ उघडून आतली हवा खोकत खोकत निघून धार एकसंध होईपर्यंत थांबायचं. तात्या बॅटरी धरून उभे होते. शेवटी मी कागद काढला आणि अकरा कलमं मराठीत वाचली. चौथं कलम दोनदा वाचलं. तात्यांनी पोरासारखी हाताची घडी घालून सगळं ऐकलं.

"बाई," ते म्हणाले, "हे असं सगळ्यांना नीट वाचून दाखवत जा. आमच्यासारख्याला वाटतं, आपल्याला सगळं येतं."

मानसी आतल्या खोलीत होती. निखिल ऑफिसात होता. तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणाले, हो तात्या, दाखवेन. आणि बूट घातले.

महिन्याभरात कळलं, तात्यांना परत पाठवलं. इराला सात व्हायला दीड वर्ष बाकी होतं. कुणी म्हणालं, थंडी सोसेना. कुणी म्हणालं, त्यांनी घरात काहीतरी मोठं नुकसान केलं. आपल्या लोकांत बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो! एका हळदीकुंकवाला एक बाई मला म्हणाली, तुम्हीच ना त्या घरी गेला होतात, काय केलं होतं हो म्हाताऱ्याने? मी म्हटलं, वाण द्या आणि गप्प बसा. ती अजून माझ्याशी बोलत नाही. मोरिता-सानना मी आजवर सांगितलेलं नाही. हा अंक ते वाचू शकणार नाहीत, हे लिहिताना मी धरून चाललेय, हेही कबूल करते.

वर्षभराने त्या टाकीची तपासणी आली. दुसऱ्याला पाठवता आलं असतं, पण मी गेले. ठरवून गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती. निखिल एकटाच होता, घरून काम करत होता. टाकीशेजारची जी लहान खोली तात्यांची होती तिथे आता त्याचं टेबल होतं, दोन स्क्रीन आणि खुर्ची. तपासणी उरकली आणि हत्यारं भरायच्या आधी मी सांगितलं. मी काय बोलले होते, कसं बोलले होते, कागद वाचला नव्हता, सगळं. तुझ्या बाबांचा दोष नव्हता, माझा होता, म्हटलं.

तो स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "मला माहीत होतं, ताई. बाबांनी त्याच रात्री सांगितलं होतं. म्हणाले, बाईंचं नाव कुठं घेऊ नको, त्यांचं पोट आहे त्याच्यावर."

मी विचारलं, मग तू त्यांना का पाठवलंस?

तो म्हणाला, "आम्हाला जमत नव्हतं हो. दोन खोल्या, चार माणसं. मानसी माझ्याशी बोलत नव्हती, मी तिच्याशी. बाबांना जा म्हणायची हिंमत कुणात नव्हती. कुणाची तरी काहीतरी चूक व्हायला हवी होती. त्यांची झाली."

तात्या आधी बहिणीकडे राहिले, तिथेही जमेना, आता तालुक्याच्या एका वृद्धाश्रमात आहेत, असं त्याने सांगितलं. रविवारी फोन करतो, म्हणाला. इरा फोनवर यायला तयार नसते, तिचं मराठी गेलंय.

हे ऐकून मला काय व्हायला हवं होतं? संताप यायला हवा होता, निदान रडू तरी. मला हायसं वाटलं. लिफ्टमधून खाली येताना अंग हलकं झालं होतं, की चला, माझ्या जिभेने नाही गेले, ते जाणारच होते. खाली रस्त्यावर आले, गाडीत हत्यारं टाकली, आणि मग कळलं की वर बसलेला तो मुलगा आणि मी, आम्ही दोघं एकाच माळेचे मणी. तात्या कसे आहेत, तिथे त्यांना चहा तरी मिळतो का, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. मला फक्त दोष माझ्यावर यायला नको होता.